अर्क तपासायच्या कोऱ्या कागदी डिस्क: पहिल्या चाळणीपुरत्या चांगल्या

औषधी वनस्पतीचा अर्क जिवाणूंना रोखतो का, हे पाहायला सर्वात आधी हाताशी येतात त्या ६ मिमी व्यासाच्या निर्जंतुक कोऱ्या डिस्क. अर्क शोषलेली डिस्क जिवाणू पसरलेल्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) ठेवतात; अर्काने वाढ रोखली तर डिस्कभोवती जिवाणू नसलेलं वर्तुळ दिसतं. त्या स्वस्त आहेत, वापरायला सोप्या आहेत आणि एका दिवसात उत्तर देतात. पण त्या उत्तरातून लोक नको तेवढा अर्थ काढतात.

आधी वस्तूबद्दल. विकतच्या डिस्कचा खरा फायदा तिच्या जाडीत आहे. चांगली डिस्क २० मायक्रोलिटर द्रव शोषून घेते. पंचिंग मशीनने साध्या गाळणकागदाच्या टिकल्या पाडून पैसे वाचवता येतात, पण तो कागद जेमतेम ०.१८ मिमी जाड असतो. ६ मिमीच्या टिकलीचं आकारमान ५ मायक्रोलिटरच्या आसपास भरतं. तिच्यावर २० मायक्रोलिटर टाकले की उरलेला अर्क बाहेर वाहतो, अगारवर पसरतो आणि वर्तुळ वेडंवाकडं येतं. कुपी उघडल्यावर झाकण घट्ट लावावं आणि आत सिलिका जेल ठेवावं. डिस्क दमट झाल्या की एकमेकींना चिकटतात आणि अर्क सारखा शोषत नाहीत.

डिस्क भरताना १०० मिग्रॅ/मिली अर्काचे १०-१० मायक्रोलिटर दोनदा टाकावेत आणि मध्ये वाळू द्यावं. मेथॅनॉल किंवा इथेनॉल असेल तर ते उडून जातं. डीएमएसओ हा द्रावक मात्र १८९ अंशांना उकळतो, म्हणजे तो डिस्कमध्येच राहतो. म्हणून नुसत्या द्रावकाची डिस्क प्रत्येक प्लेटवर हवीच. ती नसेल तर दिसलेलं वर्तुळ वनस्पतीचं की द्रावकाचं, हे सांगता येत नाही. अर्क गाळून निर्जंतुक करायचा असेल तर डीएमएसओसाठी सेल्युलोज नायट्रेटचा फिल्टर घेऊ नये, तो विरघळतो. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) टिकतो.

प्लेटची बाजू ठरलेली आहे: म्युलर-हिंटन अगार ४ मिमी जाड, पीएच ७.२ ते ७.४, जिवाणूंच्या द्रवाचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणा मोजायचं प्रमाण), त्या द्रवाचा स्वॅब (कापसाचा बोळा) प्लेटवर फिरवल्यावर १५ मिनिटांच्या आत डिस्क, आणि ३५ अंशांना १६ ते १८ तास. अगार पातळ ओतलं तर वर्तुळं फुगतात, जाड ओतलं तर आक्रसतात. ताज्या प्लेटवरचा ओलावा आधी सुकवायचा, नाहीतर अर्क पाण्याबरोबर पसरतो. मोजमाप डिस्क धरून होतं, म्हणून ६ मिमी हा आकडा म्हणजे शून्य परिणाम.

आता मुख्य अडचण. डिस्क पद्धत प्रतिजैविकांसाठी बसवलेली आहे. ती औषधं पाण्यात विरघळतात आणि अगारमधून सहज सरकतात. वनस्पतींतली अनेक द्रव्यं तशी नाहीत. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते डिस्कखालीच बसून राहतं, वर्तुळ छोटं येतं आणि अर्क निकामी ठरतो. दारुहळदीतलं बर्बेरिन धनभारित असल्याने कागदाला चिकटू शकतं. अशा वेळी अगारला भोक पाडून अर्क थेट ओतणं बरं. लवंगेसारखी सुगंधी तेलं वाफेने शेजारच्या वर्तुळांतही घुसतात, त्यांना स्वतंत्र प्लेट द्यावी.

मोठ्या वर्तुळाचाही भरवसा धरता येत नाही. वरच्या मात्रेत डिस्कवर २ मिग्रॅ अर्क बसतो, तर जेंटामायसिनच्या डिस्कवर १० मायक्रोग्रॅम. वर्तुळं सारखी दिसली तरी अर्काचं वजन २०० पट आहे. ‘प्रतिजैविकाच्या तोडीचा’ हे वाक्य इथेच कोसळतं. शिवाय मात्रा दुप्पट केली म्हणून वर्तुळ दुप्पट होत नाही.

म्हणून डिस्कवर वर्तुळ दिसलं की लगेच ९६ खळ्यांच्या प्लेटमध्ये एमआयसी (वाढ रोखणारी कमीत कमी मात्रा) काढावी: दुपटीने विरळ करत नेलेला अर्क, खळ्यात शेवटी दर मिलीला ५ लाख जिवाणू, डीएमएसओ १ टक्क्याच्या आत. गडद अर्कात गढूळपणा दिसत नाही, म्हणून रेझाझुरिन हा रंग घालतात. निळा राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर आहे. पण फेनॉलयुक्त अर्क जिवाणू नसतानाही रंग बदलू शकतो, त्यामुळे अर्क आहे आणि जिवाणू नाहीत असं एक खळं प्रत्येक ओळीत ठेवावं. १ मिग्रॅ/मिलीच्या वर गेलेल्या एमआयसीला फार महत्त्व देऊ नये, तेवढ्या मात्रेत बऱ्याच वनस्पती काही ना काही करतातच.

ई. कोलायवर वर्तुळ आलं नाही आणि स्टॅफिलोकॉकसवर आलं, तर डिस्कला दोष देऊ नये. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंचं बाहेरचं पटल आणि त्यांचे पंप वनस्पतींची बरीच द्रव्यं आत टिकूच देत नाहीत.

दहा-वीस अर्कांतून दोन-तीन निवडायचे असतील तर या डिस्क नक्की घ्याव्यात. एकाच अर्काची ताकद आकड्यात मांडायची असेल तर तेच पैसे ९६ खळ्यांच्या प्लेटवर घालवावेत.