सात मजल्यांचा छापखाना

अमळनेरला माझं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. २८ वर्षं. लग्नपत्रिका, बियाण्यांच्या दुकानांच्या कापडी पिशव्या, निवडणूक आली की झेंडे आणि टोप्या. मग फ्लेक्स आला, ऑफसेटवाले शंभर पत्रिकासुद्धा छापून द्यायला लागले, आणि शेवटी फ्रेमा माळ्यावर टाकून मी शटर ओढलं. हे आधी सांगतोय, कारण पुढे लिहिलंय ते चित्रकलेतल्या जाणकाराचं मत नाही. छापणाऱ्याचं आहे.

लेक-जावई पिट्सबर्गला असतात. मागच्या वर्षी मी आणि सौ. चार महिने तिकडे राहून आलो. आल्यापासून गल्लीत जो तो विचारतो, "अप्पा, नायगारा पाह्यला का?" पाहिला. पाणी फार आहे. पण तुमची पोरं पिट्सबर्गला असतील तर त्यांना म्हणावं, नायगारा नंतर, आधी अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराच्या म्युझियमला न्या.

गाव म्हणाल तर फार मोठं नाही. २०२०च्या जनगणनेत पिट्सबर्ग शहरात ३ लाख ३ हजारांच्या आत माणसं भरली. आपलं धुळं २०११ मध्येच पावणेचार लाखांवर होतं. आजूबाजूची उपनगरं धरली तर आकडा वीस लाखांपुढे जातो, पण मूळ शहर धुळ्याहून लहान. अलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या शहराच्या टोकाशी मिळतात आणि पुढे ओहायो होऊन जातात. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम पाहिलेल्या माणसाला ते वेगळं समजवावं लागत नाही; फक्त तिथे देवळाऐवजी मोठं कारंजं आहे.

पोलादाचं गाव. कार्नेगी नावाच्या पोलादवाल्याने इथे ग्रंथालय, संगीताचं सभागृह आणि म्युझियम असं सगळं एका ठिकाणी उभं करून दिलं, १८९५ साली. ग्रंथालयाच्या दारावर दगडात कोरलंय: लोकांसाठी मोफत. अमळनेरच्या माणसाला याचं अप्रूप कमी. आमच्या प्रताप शेठजींनी गिरणीच्या पैशातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलंच होतं. मी तसं म्हणालो तर जावईबापूंनी हळूच सांगितलं, "अप्पा, याच कार्नेगीच्या कारखान्यात १८९२ ला संप झाला, तेव्हा गोळीबारात माणसं मेली." बरं केलं सांगितलं. त्यानंतर मी त्या इमारतीचे खांब जरा कमी कौतुकाने पाहिले.

पण त्याच म्युझियमात शनिवारी पोरांना चित्रकला फुकट शिकवायचे. आताच्या स्लोव्हाकियातल्या एका खेड्यातून आलेल्या मजुराचा किडकिडा, आजारी मुलगा त्या वर्गात येऊन बसायचा. तोच वॉरहॉल. मूळ आडनाव वॉरहोला, जन्म १९२८. बाप १९४२ मध्ये गेला, पोरगा तेव्हा चौदाच्या आतबाहेर.

म्युझियम नदीच्या पलीकडे. ट्राम नदीखालच्या बोगद्यातून जाते, आणि मधल्या पेठेपासून पलीकडच्या काठापर्यंत तिकीटच लागत नाही. सौ.ने मला दोनदा विचारलं, उतरताना धरणार तर नाहीत ना. येताना मात्र चालत या. जो पिवळा पूल लागतो त्याला २००५ पासून वॉरहॉलचंच नाव आहे. चित्रकाराच्या नावाचा पूल! आपल्याकडे पुलाला कुणाकुणाची नावं देतात, ते मी इथे लिहीत नाही.

इमारत १९११ची, एके काळचं गोदाम. म्युझियम १९९४ मध्ये सुरू झालं. मजले सात. लिफ्टने आधी सातव्यावर जायचं आणि मग एकेक मजला पाहत खाली उतरायचं, म्हणजे बालपणापासून मरणापर्यंत. आमच्या वयाच्या गुडघ्यांचा विचार करूनच रचना केली असावी असं मला वाटलं. शुक्रवारी संध्याकाळी तिकीट निम्म्या दरात होतं, आम्ही तेव्हाच गेलो. (जावयाचे पैसे वाचवण्यात एक वेगळं समाधान असतं.)

सातव्या मजल्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो, आणि तेही त्याच्या चित्रांपुढे नाही, त्याच्या आईच्या अक्षरांपुढे. वॉरहॉल कॉलेज संपवून १९४९ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि जाहिरातींची चित्रं काढायला लागला. बुटांची मुख्यतः. आई जुलिया १९५२ मध्ये त्याच्याकडे राहायला गेली. तिला इंग्रजी जेमतेम. पण अक्षर असं वळणदार, वेलींसारखं, की पोराने जाहिरातींवरचा मजकूर तिच्याकडूनच लिहून घ्यायला सुरुवात केली. ती शब्द वाचत नव्हती, अक्षरं बघून बघून उतरवत होती. मांजरांच्या एका पुस्तकाच्या नावात तिच्याकडून एक अक्षर गळालं, तर पोराने तसंच छापलं. पुढे एका रेकॉर्डच्या कव्हरवरच्या अक्षरांना बक्षीस मिळालं, ते 'अँडी वॉरहॉलची आई' या नावाने.

माझ्याकडे पत्रिकेत एक काना गळाला तर मुलीचा बाप दुकानात येऊन बसायचा.

सहावा मजला साठच्या दशकाचा. इथे माझा धंदा सुरू झाला. वॉरहॉलने १९६२ पासून स्क्रीन हातात घेतली, तीच आपली फ्रेम, जाळी आणि शाई ओढायची रबरी पट्टी, म्हणजे स्क्वीजी. फोटो मोठा करून जाळीवर उतरवायचा, मोकळ्या भोकांतून शाई खाली ढकलायची. आम्ही उजेडाने घट्ट होणारं केमिकल अंधाऱ्या खोलीत जाळीला लावायचो, बटर पेपरवरचा मजकूर जाळीला चिकटवायचो आणि वर काच ठेवून गच्चीवर उन्हात धरायचो. वैशाखात दीड मिनिट पुरायचं, श्रावणात ढगाकडे बघत उभं राहावं लागायचं. मग पाण्याने धुतलं की अक्षरं उघडी पडायची. शाई साफ करायला घासलेट. तो वास अजून माझ्या बोटांना आहे, असं सौ. म्हणते.

त्या मजल्यावर एका भल्या लांब कापडावर चंदेरी रंग मारून वॉरहॉलने गायक एल्व्हिस प्रेसलीला ओळीने अकरा वेळा छापलंय. हातात पिस्तूल, पाय फाकवलेले. १९६३चं काम. एक एल्व्हिस काळाभोर, दुसरा फिकट, तिसरा शेजाऱ्यावर चढलेला. मी जवळ जाऊन पाहिलं. स्क्वीजीचा दाब सारखा नाही. एका ठिकाणी शाई वाळायला आलेली आणि तरी ओढलीय. बाकीच्या रंगीत चेहऱ्यांत तर रंग आधी हाताने भरून वरून काळी स्क्रीन मारलेली, आणि दोन्ही जुळतच नाहीत. ओठांचा लाल ओठांच्या बाहेर, डोळ्यांवरचा निळा भुवयांवर. आमच्या भाषेत याला रजिस्ट्रेशन हललं म्हणतात.

सौ. मागे उभी होती. अहिराणीत म्हणाली, "हाई ते तुम्हनं वाया गयेल काम शे!"

हसलो, पण ते खोटं नव्हतं. एका लगनसराईत माझ्या कारागिराकडून चारशे पत्रिकांवर गणपतीचा सोनेरी रंग दोन सूत सरकला. गणपतीच्या बाजूला दुसरा गणपती उभा असल्यासारखा दिसायला लागला. सगळा माल परत आला, मी पदरच्या कागदावर पुन्हा छापून दिला आणि त्या चारशे पत्रिका बंबात घातल्या. वॉरहॉलने हे मुद्दाम केलं, हे मला मान्य आहे. एकच चेहरा पुन्हा पुन्हा छापत गेलं की तो माणूस उरत नाही, छापा उरतो; आणि छापा चुकतो तिथे परत माणसाचा हात दिसतो. हे कळायला मला कुणी सांगावं लागलं नाही. पण माझ्या चारशे गणपतींनी काय घोडं मारलं होतं, हा प्रश्न राहतोच.

लाकडी खोक्यांवर साबणाच्या घासण्यांची जाहिरात छापून त्याने १९६४ मध्ये दुकानातल्या मालासारखी थप्पी लावली होती. ब्रिलोची खोकी. त्यावरून जगात आजही वाद घालतात, हे कलेत बसतं का म्हणून. मला त्यातली वेगळीच गोष्ट लागली. मूळ पुठ्ठ्याच्या खोक्याचं डिझाइन जेम्स हार्वी नावाच्या माणसाने केलं होतं. तो स्वतः चित्रकार, पोटासाठी पॅकिंगची डिझाइनं करायचा. वॉरहॉलच्या प्रदर्शनाला तो आला आणि त्याने पाहिलं, की आपलंच खोकं तिथे कला म्हणून विकायला ठेवलंय. या हार्वीबद्दल मला वॉरहॉलपेक्षा जास्त आपुलकी वाटते. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ पहिल्यांदा कुणी लिहिली, ते तरी कुणाला माहीत आहे? मी ती हजारो वेळा छापली.

पाचव्या-चौथ्या मजल्यावर फार रेंगाळू नका. श्रीमंतांच्या फर्माइशी तसबिरी आहेत, एका चौकोनी कॅनव्हासचे २५ हजार डॉलर घ्यायचा. धंदा म्हणून उत्तम. तांब्याच्या रंगावर लघवी करून काढलेली चित्रंही त्याने केली आहेत. ती समजावून सांगताना जावईबापूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. नातीला चंदेरी उशांची खोली आवडली. हेलियम मिसळलेली हवा भरलेल्या चकचकीत उशा पंख्याच्या वाऱ्यावर तरंगत असतात आणि हाताने ढकलता येतात. १९६६ची कल्पना आहे, पाच वर्षांच्या पोरीला अजून पुरते.

तिसऱ्या मजल्यावर मात्र थांबा. वॉरहॉल टेबलावर जमेल ते खोक्यात टाकायचा आणि खोकं भरलं की चिकटपट्टी मारून तारीख घालून ठेवून द्यायचा. बिलं, पत्रं, तिकिटं, फोटो. अशी ६१० खोकी आहेत. एकात तर ममीचा पाय निघाला म्हणे. माणसांनी पगार घेऊन ही खोकी उघडली आणि कागद न् कागद नोंदवून ठेवला. तिथे मला माझा नमुन्यांचा अल्बम आठवला. २८ वर्षांतल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत, पाच जाड वह्या. दुकान बंद केलं त्या आठवड्यात मी त्या रद्दीवाल्याला किलोवर दिल्या. काट्यावर ठेवताना त्याने एक उघडून बघितली आणि म्हणाला, "अप्पा, ह्यात आमच्या भावाची पण आहे." ती एक फाडून घेतली त्याने.

सगळ्यात खाली, तळघरात, छापायची खोली आहे. येणाऱ्यांनी स्वतः करून बघायचं. एक तरुण मुलगी सगळ्यांना स्क्वीजी कशी धरायची ते दाखवत होती. माझ्यापुढे आली तेव्हा मी स्क्वीजी आधीच उचलली होती. किती वर्षांनी हातात आली! पंचेचाळीस अंशाच्या आसपास कलती धरायची, एका दमात ओढायची, मध्ये थांबायचं नाही. कागदाऐवजी मी सौ.च्या खांद्यावरची कापडी पिशवी पुढे केली. जाळीवर केळ्याचं चित्र होतं. जाळी उचलली तर कडा अशी स्वच्छ, की ती मुलगी लेकीला काहीतरी म्हणाली. लेकीने सांगितलं, "अप्पा, ती विचारतेय तुम्ही हे कुठे शिकलात." मी म्हटलं, सांग, अमळनेरला. ती नुसतीच हसली, तिला कळलं नसणार. पण मी अमळनेर म्हटलं.

शहरात बाकीही पुष्कळ आहे, थोडक्यात लिहितो. मॅट्रेस फॅक्टरी म्हणून गाद्यांच्या जुन्या गोदामात १९७७ पासून एक कलाघर चालतं. तिथे जेम्स टरेल या प्रकाशाशी खेळणाऱ्या कलाकाराची एक खोली पूर्ण अंधारी आहे. आत बसून राहायचं, दहा-पंधरा मिनिटांनी समोर काहीतरी पुसट दिसायला लागतं. सौ. पाचव्या मिनिटाला म्हणाली, "इतला पैसा दिसन लोडशेडिंग देखाले उनूत का आपण?" मला दिसलं. काय दिसलं ते सांगता येत नाही. हाइन्झ हॉलला सिम्फनी ऐकली. ते १९२७चं चित्रपटगृह, १९७१ मध्ये केचपवाल्यांच्या पैशातून संगीतासाठी सजवलं. ऐंशीएक माणसं एका काडीच्या इशाऱ्यावर थांबतात आणि सुरू होतात. मी वादन कमी आणि ते थांबणं जास्त ऐकलं. ऑगस्ट विल्सन नावाच्या नाटककाराने आपल्या दहा नाटकांपैकी नऊ याच शहरात घडवली, त्याचं लहानपणीचं घर हिल डिस्ट्रिक्ट वस्तीत आहे. बाहेरून पाहिलं. पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरातला चिंचेचा भात खाच. चहा शहरात कुठेही घेऊ नका, घरून पिऊन निघा.

जायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी जा, तीन तास हाताशी ठेवा, वरून खाली या, आणि तळघरातली छपाई चालू असेल त्या वेळेची आधी चौकशी करून ठेवा. सोबत एखादी साधी सुती पिशवी असू द्या.

आमची पिशवी आता सोमवारच्या बाजाराला जाते. तीन धुण्यांत केळ्याचा पिवळा जरा उतरलाय, काळी कड शाबूत आहे. परवा सौ. तीत भरताची हिरवी वांगी घेऊन आली, तर भाजीवाली म्हणे, केळ्याचा छाप कुठल्या दुकानाचा, आमच्याही पिशव्यांवर मारून देतील का. मी शिडी लावून माळ्यावरून दोन फ्रेमा खाली काढल्यात. एकीची जाळी उंदरांनी खाल्लीय. दुसरी चालेल.