रेस इंजिनला कॉपर हेड गॅस्केट की एमएलएस?

मित्रा, हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये बसणारी सील करणारी पट्टी. ती तांब्याची (कॉपर) घ्यावी की एमएलएस, म्हणजे स्टीलच्या अनेक थरांची (मल्टि-लेयर स्टील), यात तू अडकलायस ना, तर आधी पाण्याचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचं बघ. बऱ्याच इंजिनात गॅस्केटची पाण्याची भोकं वॉटर पंपाजवळ बारीक नि मागे मोठी असतात, मुद्दाम, म्हणजे कूलंट ब्लॉकमधून पार मागच्या सिलिंडरपर्यंत जातं आणि मग हेडमध्ये चढून पुढे येतं. पुढची भोकं मोठी झाली की पाणी शॉर्टकट मारणार आणि मागचे सिलिंडर तापणार. त्यामुळे कुठलंही घे, कंपनीच्या गॅस्केटवर ठेवून भोक न् भोक जुळवून बघ.

पाणी धरण्यात एमएलएस सरस, स्टीलच्या थरांचे उठाव आणि वरचं रबरी कोटिंग भोकांभोवती दाबून बसतं, फक्त ब्लॉक आणि हेड एकदम गुळगुळीत मशीन केलेलं पाहिजे. कॉपरला मात्र भोकांभोवती सीलंट लावावं लागतं, शिवाय सिलिंडरभोवती ओ-रिंगची तार (दाब सुटू नये म्हणून बसवलेलं तारेचं कडं), आणि इथे घाई केलीस तर पाणी ऑइलमध्ये शिरून डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) चहासारखं दुधाळ ऑइल दिसेल. पण तापवून मऊ केलं की कॉपर परत वापरता येतं, तिथे पैसे वाचतात.

ड्रॅग रेससाठी, म्हणजे पाव मैलाची सरळ धाव, आणि इंजिन सारखं उघडणार असशील, तर कॉपर चालेल. सर्किटवर तासभर पळवायची असेल तर मी डोळे मिटून एमएलएस घेईन.