दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, दुसऱ्या उन्हाळ्यानंतर : बोर्ड नव्हे, सेन्सर गेला होता

कंपनीचा माणूस एसीचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बदलायचे साडेसात हजार सांगून गेला आणि एसी शेवटी तापमान मोजणाऱ्या अडीचशे रुपयांच्या सेन्सरवर सुरू झाला, म्हणून हे लिहायला घेतलं. मशीन दीड टन, तीन स्टार, इन्व्हर्टर.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. स्लॅबचं घर, वर सावली नाही. आईला दमा आहे, कुलरची ओल तिला सोसत नाही, म्हणून एसी घेतला. पहिला उन्हाळा झकास गेला. नवतपात बाहेर पारा ४५ च्या वर आणि खोली २६ ला टिकून. लाइन कमी-जास्त होते म्हणून स्टॅबिलायझर लावला होता, त्यामुळे तीही तक्रार नव्हती.

यंदा मार्च संपता संपता बिघडलं. २५ लावलं की कॉम्प्रेसर थोडा वेळ चालायचा आणि बंद पडायचा. पंखा नुसती हवा फेकत राहायचा आणि खोली ३१. पडद्यावर बिघाड सांगणारा कोणताही कोड नाही. आधी फिल्टर काढून पाहिला. भाव वाढेपर्यंत आमच्या बाजूच्या खोलीत कापूस भरलेला असतो, त्याचं तूस फिल्टरवर गादीसारखं बसलं होतं. धुतलं, तरी फरक नाही.

मग कंपनीचा माणूस आला. "काका, ग्यास कमी झाली असन. भरून देतो." मी म्हटलं, कॉम्प्रेसर चालू असताना एसीच्या तोंडाशी थर्मामीटर धर. आत जाणारी हवा ३१, बाहेर पडणारी हवा १४. सतरा अंशांचा फरक पडतो आहे, तर गॅस कमी कसा? गॅस बंद नळीत फिरतो, गळती नसेल तर वर्षभरात संपत नाही. गळती असली की नळीच्या नटापाशी तेलाचा डाग दिसतो, तोही नव्हता. मग तो म्हणाला, "कोड येऊन नाही राहिला, म्हंजे सेन्सर बरोबर हाये. बोर्डच गेला." एक वर्षाची वॉरंटी संपलेली. तपासणीचे पैसे घेऊन तो गेला.

सगळी गोम त्याच्या त्या वाक्यात आहे. सेन्सरची तार तुटली किंवा आत शॉर्ट झाला तरच बोर्ड कोड दाखवतो. सेन्सर चुकीचा पण शक्य वाटेल असा आकडा देत असेल, तर बोर्ड तो खरा मानतो आणि कोड येत नाही. त्यामुळे "कोड नाही" यावरून सेन्सर चांगला आहे असं ठरत नाही.

मला शंका आली ती १८ लावल्यावर. तेव्हा खोली २६ पर्यंत उतरायची. म्हणजे थंड करायची ताकद मशीनमध्ये होती, फक्त खोली आठेक अंश जास्त थंड आहे असं त्याला वाटत होतं. बऱ्याच रिमोटवर खोलीचं तापमान रिमोटनेच मोजायचं बटण असतं (कुठे "फॉलो मी", कुठे "आय फील"). ते दाबलं. मशीन आपला सेन्सर सोडून रिमोटचा आकडा धरायला लागलं आणि २५ ला खोली खरंच थंड झाली. ही तपासणी फुकट आहे आणि कुणालाही जमते. फक्त रिमोट मशीनकडे तोंड करून ठेवावा लागतो, तो दर काही मिनिटांनी आकडा पाठवत असतो.

पुढचं काम गावातल्या मोटर वायंडिंगवाल्या भाऊंकडे. एमसीबी पाडली, प्लग काढला, मग झाकण उघडलं. आतल्या बोर्डावर थेट लाइन असू शकते, त्यामुळे यात घाई नको, आणि बाहेरच्या युनिटला तर हातच लावू नका. आत दोन सेन्सर असतात. कॉइलच्या खिशात तांब्याच्या नळीतला असतो तो कॉइलचा, आणि हवा आत जाते तिथे काळ्या डोक्याचा असतो तो खोलीचा. आमच्या मशीनला १० किलोओहमवाला लागतो, म्हणजे २५ अंशांवर ज्याचा विद्युत रोध मल्टिमीटरवर १० किलोओहम दिसतो तो. तापमान वाढलं की आकडा घटतो. ३१ ला साधारण पावणेआठ यायला हवा होता, आला जवळपास ११. तेवढा आकडा म्हणजे बोर्डाला २३ अंश. मुठीत धरला तर आकडा सरळ उतरायच्या ऐवजी उड्या मारत होता. बर्फाच्या पाण्यात ३२-३३ च्या आसपास यायला हवा, तिथेही बराच वर. मीटर २०० किलोवर ठेवा, २० वर हा आकडा दिसत नाही. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. त्या घासल्या, तरी आकडा सुधारला नाही. म्हणजे दोष सेन्सरमध्येच.

यवतमाळला स्पेअरच्या दुकानात अडीचशेला मिळाला. जुना सोबत न्या. दुकानदाराने चुकून ५ किलोओहमचा दिला तर मशीनला खोली चाळिशीपार वाटेल आणि कॉम्प्रेसर थांबणारच नाही.

एप्रिलमध्ये मी शेजाऱ्यांना सांगत होतो की इन्व्हर्टर एसी खेड्यासाठी नाहीच. आता तसं म्हणणार नाही. नवा सेन्सर बसल्यापासून २५ लावलं की खोली २५-२६, आणि आई रात्रभर झोपते. मशीन चांगलं आहे. राग आहे तो एकाच गोष्टीचा : हजारोंचं मशीन स्वतः किती तापमान मोजतं आहे ते दाखवत नाही. पडद्यावर फक्त आपण लावलेला आकडा. तिथे २३ दिसलं असतं, भिंतीवरच्या थर्मामीटरवर ३१, तर चूक आईनेसुद्धा ओळखली असती आणि बोर्डाची गोष्ट निघालीच नसती. या एका गोष्टीसाठी मी एक तारा पूर्ण कापतो, आणि सर्व्हिससाठी दुसरा.

पाचपैकी तीन तारे. आणखी एक सेन्सर आणून कपाटात ठेवला आहे, पिशवीवर "खोलीचा, १० किलो" लिहून.