राक्षसाचा लॅटेक्स मुखवटा: डोक्यावर ओढायचा की चेहऱ्याला चिकटवायचा?

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, भाऊबीजेनंतर मंडया (गावोगावच्या जत्रा) लागतात आणि मग नाटकं होळीपर्यंत थांबत नाहीत. त्यामुळे मुखवटा करायचा तर निर्णय पावसाळा सरता सरता घ्यावा लागतो. माती, प्लास्टरचा साचा, लॅटेक्सचे (पातळ, ओल्या रबराचे) थर हे ज्यांना येतं त्यांच्यासाठी लिहितो आहे. प्रश्न एवढाच, की अख्ख्या डोक्यावर टोपीसारखा ओढायचा मुखवटा करावा की चेहऱ्यापुरता पातळ करून स्पिरिट गमने (मेकअपच्या गोंदाने) चिकटवावा? आमच्या गावच्या पौराणिक नाटकासाठी मी आधी पहिला केला, दोन हंगाम वापरला, आणि मग दुसऱ्याकडे वळलो.

ओढायच्या मुखवट्याचे गुण खरे आहेत. साच्यात लॅटेक्स ओतायचं, अर्धा-पाऊण तास ठेवायचं, उरलेलं परत कॅनमध्ये. प्लास्टर पाणी शोषतं तसा आतल्या बाजूने रबराचा थर धरत जातो, आणि जितका वेळ ठेवाल तितका तो जाड होतो. शिंगं, कान, मानेच्या शिरा सगळं एकाच तुकड्यात निघतं. घालायला मिनिटभर, काढायलाही तेवढंच. आपल्याकडे एकच नट पहिल्या अंकात ऋषी आणि तिसऱ्यात राक्षस असतो, त्याला हे फार सोयीचं. शिवाय थोड्या लहान-मोठ्या डोक्यालाही तो बसतो. एक नट आजारी पडला तर दुसरा घालू शकतो.

मला तो नको झाला तो तोंडामुळे.

पहिल्या प्रयोगाला मी मुद्दाम मागे, शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. राक्षस मधोमध उभा राहून गर्जत होता आणि त्याचं तोंड मातीच्या गणपतीसारखं स्थिर होतं. शेजारचे काका म्हणाले, "कोन बोलून रायला, काई समजत नाही बावा." प्रसंगात चार पात्रं होती आणि लोक आवाजाचा माग काढत एकेकाकडे बघत होते. आमच्याकडे रात्रभर नाटक चालतं, संवाद आणि पदं समोरच म्हटली जातात. तिथे बोलणारं तोंड दिसलं नाही तर पात्र मेल्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी मुखवटा उलटा करून बघितला तेव्हा कारण कळलं. नटाची हनुवटी आणि रबर यांच्यात दोन बोटं पोकळी होती. जबडा त्या पोकळीतच वर-खाली होत होता, रबराला त्याचा पत्ताच नव्हता. गादीतला स्पंज कापून हनुवटीच्या जागी वाटीसारखा चिकटवला, तेव्हा खालचा ओठ थोडा हलू लागला. पण ओतून केलेल्या मुखवट्याची जाडी सगळीकडे जवळपास सारखीच असते. कपाळाला जेवढी, तेवढीच ओठाच्या कोपऱ्याला. नटाला प्रत्येक शब्दाला ते रबर ताणावं लागायचं. दुसरा अंक संपेपर्यंत त्याचा जबडा दुखायला लागायचा आणि मग तो तोंड कमी उघडून बोलायचा. आवाज आणखी दबायचा. पुढे तोंडाची फट मोठी कापली, तर आतले खरे ओठ दिसू लागले. दोन हंगाम असंच चाललं.

पातळ मुखवट्यात सगळा खेळ जाडीचा आहे. नटाच्या चेहऱ्याचा ठसा घेऊन त्यावरच कुंभाराच्या मातीने राक्षस घडवायचा. साच्यात लॅटेक्स ओतायचं नाही, ब्रशने थर द्यायचे. मी कपाळाला आणि गालफडांना ७-८ थर देतो, डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कोपऱ्यांना ३, आणि कडा तर एका थराची ठेवतो, म्हणजे ती कातडीत मिसळते. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवायला विसरू नका. हनुवटीचा तुकडा वेगळा करतो, तो जबड्याबरोबर जातो आणि वरचा भाग जागेवर राहतो. आणखी एक गोष्ट मला उशिरा सुचली. मातीत तोंड बंद घडवू नका, अर्धवट उघडं घडवा. मग बोलताना रबराला निम्माच ताण बसतो. नाकापासून ओठाकडे जाणारी घडी आणि भुवयांमधल्या आठ्या नटाला रागावायला लावून, बघून कोरा. तिथेच रबर दुमडतं आणि तिथेच राग दिसतो. पापण्यांना काजळ भरलं की डोळ्याभोवतीची फट नाहीशी होते.

त्याचा त्रासही सांगायला हवा. चिकटवायला मला पाऊण तास लागतो, आणि रंगपटात तेवढा वेळ मेकअपमन देईलच असं नाही. हॅलोजनखाली घाम येतो, मग ओठाखालची कड सुटते. ती दोन प्रवेशांच्या मध्ये पुन्हा बसवावी लागते. कड फार तर ८-१० प्रयोग टिकते, म्हणून हंगामाला मी त्याच साच्यातून तीन-चार नग काढून ठेवतो. नट बदलला तर ठसाही नवा. काहींना लॅटेक्स सोसत नाही, अंगावर गांधी उठतात. आधी मनगटाला तुकडा लावून दिवसभर बघा. भुवयांना साबण लावून केस बसवून घ्या, नाहीतर काढताना केसही निघतात.

काढण्यावरून एक कळकळीची विनंती. आपल्या रंगपटात मेकअप पुसायला खोबरेल तेल असतं. ते रबराला लागू देऊ नका, कुठलंही तेल लॅटेक्सला फुगवतं आणि चिकट करतं. माझा पहिला मुखवटा असाच गेला. साध्या स्पिरिटने हळूहळू सोडवा, धुवा, वाळवा, टाल्कम लावा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतल्या ट्रंकेत ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेवढ्या उष्णतेत रबर लवकर जुनं होतं. रंगही दोन्ही प्रकारांत लॅटेक्समध्येच कालवून द्या. नुसता अॅक्रिलिक हलत्या ओठांवर तडकतो. ओलं लॅटेक्स पांढरं असतं, वाळल्यावर पिवळसर होतं, म्हणून ओला रंग हवा त्यापेक्षा फिकट दिसला तरी घाबरू नका.

तुमचं पात्र नुसतं नाचणारं असेल, वानरसेनेतलं असेल, किंवा एका माणसाला चार वेळा वेश बदलायचा असेल, तर ओढायचाच करा. मुलांसाठीही तोच बरा. पण पात्राला संवाद असतील, आणि राग, हाव, भीती दाखवायची असेल, तर माझ्या अनुभवाने तरी पाऊण तास खर्च करणं परवडतं.

नंतर केलेला दुसरा जाड मुखवटा मी अजून ठेवला आहे. शेवटच्या युद्धात राक्षस पडतो तेव्हा आमचा दुसरा गडी तो घालून पडतो. त्या प्रवेशात त्याला एकही वाक्य नाही.