हातमोजे घाल म्हणणारी बायको (इंग्रजी कथासंग्रह, पेपरबॅक)

पुस्तक ऑनलाइन मागवलं. पार्सल गावापर्यंत आलंच नाही, घाटंजीला जाऊन उचलावं लागलं. कागद पिवळट, अक्षर बारीक. माझ्या कृषी केंद्राच्या काउंटरवर गिऱ्हाईक नसताना वाचायचं म्हटलं तर डोळ्यांना त्रास होतो. बाइंडिंग मात्र पक्कं आहे. कथा बऱ्याच आहेत, पण हे लिहितोय ते एकीसाठी: अमेरिकन लेखक जेम्स थर्बरची वॉल्टर मिटीची गोष्ट. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात 1939 साली छापून आलेली, पाच-सहा पानांत संपणारी.

घडतं काय, तर काहीच नाही. मिटी बायकोला गाडीत बसवून वॉटरबरी शहरात जातो. ती केस करून घ्यायला उतरते, हा बुटांवर घालायचे रबरी ओव्हरशूज आणि कुत्र्याची बिस्किटं घेतो. डोक्यात मात्र तो नौदलाचा कमांडर, नामांकित सर्जन, बॉम्बर विमानाचा कॅप्टन.

यातली स्वप्नं आभाळातून पडत नाहीत, ते मला फार आवडलं. गाडी हॉस्पिटलवरून गेली की हा सर्जन. पेपरवाला पोरगा खटल्याची बातमी ओरडत गेला की हा कोर्टात उभा. ऑपरेशनच्या वेळी रोग्याला ‘कोरिऑप्सिस’ होतो. ते तर बागेतलं फुलझाड, सूर्यफुलाच्या कुळातलं! आणि मिटीनं म्हणे स्ट्रेप्टोथ्रिकोसिसवर पुस्तक लिहिलंय, जो जनावरांच्या कातडीचा रोग. कुठंतरी कानावर पडलेल्या शब्दांवर हा डॉक्टर झाला. असे डॉक्टर आमच्याकडे रोज येतात बाप्पा. शेजाऱ्यानं पऱ्हाटीवर (कपाशीवर) काय मारलं ते ऐकायचं आणि मलाच अळी समजावून सांगायची.

आता बायको. मागच्या कव्हरवर तिला कजाग ठरवून टाकलंय. ती बोलते काय? गाडी हळू चालव, ओव्हरशूज विसरू नको, हातमोजे घाल. मी कृषी केंद्रात बसतो. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कित्येक शेतकरी-मजूर दगावले. तेव्हापासून औषधासोबत मोजे, मास्क हातात देतोच. उत्तर ठरलेलं: “मोजे कायले देता भाऊ, गरमी होते.” मिटीची तीच तऱ्हा. बायको आत गेली की लाल सिग्नलवर मोजे काढतो, पोलीस खेकसला की घाईघाईनं चढवतो. आणि थोड्याच वेळात, सर्जनच्या स्वप्नात, हाच माणूस मास्क नीट करून पातळ मोजे घालतो, कोणी न सांगता! मोजे तेच. बायकोनं सांगितले की कमीपणा, स्वप्नात घातले की रुबाब. त्याच्या आतला सगळा झगडा मला तिथंच दिसला.

तक्रार एकच. थर्बर तिच्या डोक्यात एकदाही डोकावत नाही. केस होईस्तोवर तीही खुर्चीत बसूनच होती, तिच्या मनात काही चाललं नसेल? सगळी विमानं-जहाजं नवऱ्याला, आणि तिच्या वाट्याला फक्त आठवण करून देणं. हे मला पटलं नाही.

साडेतीन स्टार. अर्धा कागदाचा कापला, एक तिच्यासाठी. बारावीपर्यंतचं इंग्रजी असेल तर झेपते, वैद्यकीय शब्दांना घाबरू नका, निम्मे बनवलेलेच आहेत. मागचं कव्हर मात्र शेवटी वाचा, त्यात या गोष्टीचा शेवट छापून ठेवलाय.