तू, तुम्ही आणि आपण: ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची एकखंडी आवृत्ती वाचून दाखवताना

गिरगावातल्या एका छापखान्यात मी सत्तावीस वर्षं मुद्रितं तपासली. त्यामुळे पुस्तक हातात आलं की आधी शेवटची पानं बघायची सवय आहे. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची एकखंडी आवृत्ती मुलीने ऑनलाइन मागवून दिली, तेव्हाही तसंच केलं. सहा परिशिष्टं आहेत, सूची आहे, नकाशे आहेत. एवढं बघितल्यावरच पहिलं पान उघडलं.

ही कादंबरी 1954 आणि 1955 मध्ये तीन भागांत निघाली. टॉल्किनच्या लेखी मात्र ती एकच सलग कथा होती. युद्धानंतरच्या दिवसांत कागद महाग, म्हणून तीन तुकडे झाले. सगळं एका बांधणीत वाचण्याचा हा पहिला फायदा. पाठ 2004 सालचा आहे, पन्नास वर्षांच्या निमित्ताने वेन हॅमंड आणि क्रिस्टिना स्कल या अभ्यासकांनी तपासलेला. त्यात तीनशे ते चारशे दुरुस्त्या झाल्या. बहुतेक स्वल्पविराम, जोडरेषा, गळलेले शब्द अशा, पण माझ्यासारखीला त्यांचं मोल कळतं.

पाठाविषयीची सुरुवातीची टिपणं वगळू नका. 1954 साली जुळाऱ्यांनी, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांनी, टॉल्किनची रूपं चुकीची समजून शब्दकोशातली रूपं बसवली. ‘ड्वार्व्ह्ज’चं ‘ड्वार्फ्स’ झालं, ‘एल्व्हन’चं ‘एल्फिन’ झालं. तो भाषेचा प्राध्यापक, ती रूपं त्याने जाणून घडवलेली होती! हे वाचताना मला आमच्याकडची एक मालवणी कथा आठवली. नव्या जुळाऱ्याने तिच्यातले सगळे ‘माका’ पुसून ‘मला’ केले होते. लेखकाने मुद्रित पाहिलं आणि काही न बोलता खुर्चीत बसून राहिला. तो चेहरा मी विसरलेले नाही.

आता खरं कारण सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू दीड महिना माझ्याकडे ठाण्याला होता. वय बारा. एवढं जाड इंग्रजी पुस्तक एकट्याने वाचवेना, म्हणून रोज रात्री मी पान बघून तिथल्या तिथे मराठीत सांगायचे. पहिल्याच आठवड्यात अडले. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं की हा त्याला तू म्हणेल, तुम्ही म्हणेल की आपण. सॅम फ्रोडोला काय म्हणेल? फ्रोडो कथेचा नायक, एक घातक अंगठी नष्ट करायला निघालेला; सॅम त्याच्या घरचा माळी, पण लहानपणापासून अंगणात वावरलेला. मी ‘तुम्ही’ ठेवलं. ‘मिस्टर फ्रोडो’ला ‘फ्रोडोदादा’ केलं.

मग परिशिष्ट ‘एफ’ काढलं आणि त्या रात्री झोपायला एक वाजला. टॉल्किनने तिथे नेमकं हेच लिहून ठेवलं आहे. त्या जगाच्या सामायिक भाषेत आदराचं आणि जवळिकीचं सर्वनाम वेगळं होतं, पण शायर या प्रदेशातल्या हॉबिटांच्या, म्हणजे फ्रोडोच्या बुटक्या जमातीच्या, बोलीतून आदराचं रूप गेलं होतं. उरलं ते पश्चिमेकडच्या खेड्यांत, आणि तेही लाडाने बोलताना. आपण नाही का रांगत्या पोराला ‘या राजे, बसा’ म्हणत? वाचल्याबरोबर ओळख पटली.

त्यामुळे फ्रोडोचा हॉबिट दोस्त पिप्पिन माणसांच्या गॉन्डॉर राज्याच्या राजधानीत जातो आणि पहिले काही दिवस सगळ्यांना सरसकट ‘तू’ म्हणतो. साक्षात राज्याचा कारभारी डेनेथॉर, त्यालासुद्धा! म्हाताऱ्याला गंमत वाटली असेल, पण नोकरचाकर चकित झाले असणार, आणि हा कुणी मोठा राजपुत्र आहे ही अफवा पसरायला याच बोलण्याने हातभार लावला, असं परिशिष्ट सांगतं. मूळ प्रकरणात लोक पिप्पिनला राजपुत्र समजतात हे आहे, पण हे कारण तिथे नाही. इंग्रजीत ते ऐकूच येत नाही. मी मराठीत डेनेथॉरला ‘तुझा मुलगा माझ्यासाठी मेला’ असं पिप्पिनच्या तोंडून म्हटलं, तेव्हा नातू ताडकन उठून बसला. ‘आजी, तो राजाला तू म्हणाला?’ त्या मुलाचं, बोरोमिरचं, ऋण फेडायला तलवार पुढे करणारं हे पोर किती निरागस आणि किती धीट आहे, ते त्या एका अक्षराने त्याला कळलं.

गॉलमने, अंगठीच्या मोहाने बिघडलेल्या त्या म्हाताऱ्या जिवाने, मात्र मला चार रात्री छळलं. तो स्वतःबद्दल ‘वुई’ म्हणतो. मी आधी ‘आम्ही’ केलं, तर तो एखाद्या सरदारासारखा वाटायला लागला. शिवाय मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत भिंत आहे. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. गॉलम अंगठीशी बोलतो तेव्हा ‘आपण’ हवं, कारण तो आणि ती एक आहेत. फ्रोडोशी बोलतो तेव्हा ‘आम्ही’, कारण फ्रोडो त्या जोडीच्या बाहेर आहे. हे ठरल्यावर त्याचं प्रत्येक वाक्य मला दोनदा वाचावं लागलं: आत्ता हा कुणाशी बोलतोय? इंग्रजीत ही वाक्यं मी पूर्वी भराभर वाचत गेले होते.

शत्रूच्या मुलखाच्या काळ्या दरवाजासमोर तो चिडून सांगतो की मी पळालो, माझा मी सुटलो. तिथे तो ‘आय’ म्हणतो. फ्रोडो हे टिपतो. गॉलमच्या तोंडी ‘मी’ क्वचित येतो, आणि आला की जुन्या खरेपणाचा उरलासुरला अंश त्या क्षणापुरता वर आलेला असतो, अशी त्याची नोंद आहे. नायकाने सर्वनाम ऐकून माणूस ओळखावा, असं दुसऱ्या कुठल्या साहसकथेत मी वाचलेलं नाही.

आणि मग किरिथ उंगोल या खिंडीकडे चढणाऱ्या पायऱ्या. फ्रोडो सॅमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलाय, सॅमलाही डुलकी लागलीय. गॉलम परत येतो, दोघांकडे बघतो, थरथरता हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला हलकेच लावतो. त्या क्षणी कुणी पाहिलं असतं तर त्याला एक थकलेला, वयाने आक्रसलेला म्हातारा हॉबिट दिसला असता, असं लेखक म्हणतो. सॅम जागा होतो आणि खेकसतो, कुठे लपतछपत गेला होतास म्हाताऱ्या लबाडा? झालं. डोळ्यांत हिरवी चमक परत येते. सॅम नंतर माफी मागतो, पण गॉलम तो ‘लपतछपत’ शब्द पुन्हा पुन्हा तोंडात घोळवत राहतो. टॉल्किनने एका पत्रात हाच कथेतला सगळ्यांत शोकात्म क्षण म्हटला आहे. सॅम वाईट नाही, तो दमलेला आणि घाबरलेला आहे, म्हणून हे अधिक लागतं. नातवाला मी तिथे थांबून काही समजावलं नाही. दिवा मालवला.

तारखांचंही असंच आहे. परिशिष्ट ‘बी’त रोजनिशी आहे. फ्रोडो बोरोमिरचा भाऊ फारामिर याच्या हाती लागतो ती 7 मार्चची, निरोप घेतो ती 8 मार्चची. तिसऱ्या भागाच्या आरंभी घोड्यावर पेंगणारा पिप्पिन चंद्र बघत फ्रोडोची काळजी करतो, आणि लेखक सांगतो की तोच चंद्र मावळताना दूर फ्रोडोही बघत होता. दोन कथानकं एकमेकांपासून दूर, पण आकाश एक. 1944 मधल्या पत्रात टॉल्किनची तक्रार आहे की चंद्रकलांनी घात केला, मजकूर पुन्हा लिहावा लागला. पंचांग घेऊन बसणारा कादंबरीकार मला फार जवळचा वाटतो.

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कागद पातळ आहे, अकराशेहून जास्त पानं एका पुठ्ठ्यात बसवायची तर दुसरा इलाज नाही. पण मागच्या पानाची अक्षरं दिव्याखाली पुढे उमटतात. कण्याला उशीचा आधार द्या. आमची प्रत पार्सलमध्ये कोपरा दुमडून आली, ती तशीच ठेवून घेतली. आणि जुनी प्रत घेत असाल तर परिशिष्टं आहेत ना ते नक्की बघा. 1968 मध्ये निघालेल्या कागदी बांधणीच्या एकखंडी आवृत्तीत राजा ॲरागॉर्न आणि त्याची राणी आर्वेन यांची कथा सोडून बाकी सगळी गाळली होती. तशी प्रत कितीही स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही.

कारण एओविन, रोहनच्या राजाची भाची. परिशिष्ट ‘एफ’च्या एका तळटीपेत आहे की ‘यू’ सोडून कुणी जुनं ‘दाऊ’ वापरलं, तर ते बहुधा दरबारी भाषा दाखवायला. पण कधीकधी तो बदल म्हणजे नेहमीचं अंतर सोडून जवळ येणं असतो. ही टीप वाचून मी मागे गेले. ॲरागॉर्न मृतांच्या वाटेने निघालाय. आदल्या रात्री एओविन मलाही ने म्हणते, त्याच्याशी ‘यू’नेच बोलतेय, आणि अगदी शेवटच्या वाक्यात एकदम ‘दी’वर (‘दाऊ’चंच रूप) येते: बाकीचे तुझ्याबरोबर जातात ते तुला सोडवत नाही म्हणून, त्यांचं तुझ्यावर प्रेम आहे म्हणून. म्हणते ‘त्यांचं’, आणि अंधारात निघून जाते. सकाळी पेला हातात घेऊन पुन्हा तसंच विचारते, गुडघे टेकते. तो ‘नाही, बाईसाहेब’ म्हणून तिला हात धरून उठवतो. तिच्या ‘तू’ला त्याने ‘तू’ने उत्तर दिलं नाही. माझ्या आईने जन्मभर वडिलांना ‘अहो’ म्हटलं. एखाद्या बाईच्या तोंडून ‘तू’ निघायला काय लागतं हे मला कुणी सांगायला नको.

पुढे दोनशेच्या आसपास पानं उलटल्यावर रोहनची राजधानी एदोरास, तिथल्या मेजवानीत एओविन आणि फारामिरचं लग्न ठरल्याचं जाहीर होतं. ती ॲरागॉर्नला म्हणते, महाराज, मला शुभेच्छा द्या. आणि तो तेव्हा, तिच्याशी बोलताना, ‘दी’ वापरतो. तुला पाहिलं तेव्हापासून तू सुखी व्हावंस असंच मनात आहे, म्हणतो. आता त्या ‘तू’चा कुणी वेगळा अर्थ काढणार नाही, म्हणून आता तो देता येतो.

मी ते मराठीत सांगितलं तेव्हा नातू काही वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, ‘ती काय म्हणाली?’ मी पान पुन्हा बघितलं. मेजवानी संपते, पाहुणे निरोप घेतात. तिचं उत्तर तिथे नाही.