स्रोताशी निष्ठा, इतरांशी हिशेब: रॉबर्ट नोवॅक यांचे आत्मचरित्र

वॉशिंग्टनमध्ये पन्नास वर्षे राजकीय पत्रकारिता केलेले उजव्या विचारांचे स्तंभलेखक रॉबर्ट नोवॅक यांचे 'द प्रिन्स ऑफ डार्कनेस' हे आत्मचरित्र २००७ साली प्रसिद्ध झाले. सहाशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ जाडजूड असला, तरी राजकीय बातमीचा व्यवहार कसा चालतो हे इतक्या उघडपणे सांगणारी पुस्तके थोडीच आहेत.

रोलंड इव्हान्स यांच्यासह १९६३ मध्ये 'न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून'साठी सुरू केलेल्या स्तंभाचा दंडक असा होता, की प्रत्येक लेखात अन्यत्र न आलेली निदान एक तरी बातमी असलीच पाहिजे. त्यामुळे नोवॅक मुळात बातमीदार राहिले आणि मतप्रदर्शन त्यामागून आले. माहिती देणाऱ्याला लेखणीचा मार सौम्य लागतो, न देणाऱ्याला तो पुरेपूर बसतो, हे ते फारसे आढेवेढे न घेता मान्य करतात. स्वतःचे मद्यपान आणि मिळकत यांविषयीही ते असेच रोखठोक लिहितात.

१९७२ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न हे लष्करभरती टाळणाऱ्यांना माफी, गर्भपात आणि गांजाला कायदेशीर मान्यता यांच्या बाजूचे असल्याचे एका डेमोक्रॅटिक सिनेटरने नोवॅक यांना नाव न छापण्याच्या अटीवर सांगितले. विधान गाजले, नोवॅक यांनी ते मनानेच रचल्याचा आरोपही झाला, तरी त्यांनी नाव फोडले नाही. त्याच वर्षी मॅकगव्हर्न यांनी उपाध्यक्षपदासाठी निवडलेले आणि थोड्याच दिवसांत वगळलेले थॉमस ईगलटन हेच ते सिनेटर, हे ईगलटन यांच्या निधनानंतर या पुस्तकात उघड झाले.

मात्र हीच निष्ठा व्हॅलरी प्लेम प्रकरणात वेगळी दिसते. १४ जुलै २००३ च्या लेखात त्यांनी प्लेम या अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएच्या कर्मचारी असल्याचे छापले; त्यांची ही ओळख गुप्त होती. मूळ माहिती तेव्हाचे उपपरराष्ट्रमंत्री रिचर्ड आर्मिटेज यांची होती आणि तिला दुजोरा अध्यक्ष बुश यांचे सल्लागार कार्ल रोव्ह यांनी दिला. नाव छापू नका, असे सीआयएच्या प्रवक्त्याने सांगितले होते, पण त्यामुळे कोणाच्या जिवाला धोका होईल असे सुचवले नव्हते, हा नोवॅक यांचा बचाव वकिली थाटाचा असून मला तो पटला नाही. ज्याने बातमी दिली त्याला अभय आणि जिच्याविषयी बातमी होती तिला काहीच नाही, ही या धंद्याची विषमता त्यांच्या लेखणीतून सुटली आहे, की त्यांना ती विषमता वाटतच नव्हती?

इराक युद्धाला विरोध केल्याबद्दल २००३ मध्ये उजव्या गोटातूनच त्यांच्या देशभक्तीवर शंका घेतली गेली, तो भाग आणखी सविस्तर हवा होता. करकपातीवरील वादांची पाने चाळली तरी चालतील. पण इलिनॉयमधील जोलिएटसारख्या औद्योगिक गावातून आलेले नोवॅक आणि फिलाडेल्फियाच्या खानदानी घरातले इव्हान्स यांच्या भागीदारीची प्रकरणे मुळीच सोडू नयेत.